कागदाची दोन गिऱ्हाइकं: फिनलंड, रशिया आणि ब्रिटन

‘अमुक देश आमच्या मालाचा सर्वांत मोठा खरेदीदार ठरला’ अशी बातमी वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर अधूनमधून येतच असते. ती वाचताना सामान्य वाचकाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. म्हणजे आमचं नाक त्या देशाच्या हातात आहे का? उद्या त्यानं खरेदी थांबवली तर आमच्या कारखान्यांचं काय होईल?

मोठ्या देशापेक्षा छोट्या देशाला हा प्रश्न जास्त छळतो. मोठ्या देशाच्या घरातच पुष्कळ गिऱ्हाईक असतं. छोट्या देशाला माल बाहेर विकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि बाहेरची गिऱ्हाइकं बहुधा त्याच्यापेक्षा कितीतरी दांडगी असतात. उत्तर शोधायला मी या प्रकरणात एक देश, एक वस्तू आणि दोन गिऱ्हाइकं घेतली आहेत. देश फिनलंड, वस्तू कागद, आणि गिऱ्हाइकं रशिया व ब्रिटन. फिनलंडची लोकसंख्या आज सुमारे ५६ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्मीसुद्धा नाही. तरी विसाव्या शतकात जगातल्या मोठ्या कागद निर्यातदारांत त्याची गणना होत असे. या दोन्ही गिऱ्हाइकांशी त्याचा व्यवहार दीडशे वर्षांहून जुना आहे आणि दोघांशीही तो कधी ना कधी तुटलेला आहे. संबंध तुटल्यावर काय घडतं हे इथे अंदाजानं सांगावं लागत नाही, इतिहासात पाहता येतं.

१. पाण्याचा जोर आणि सूचिपर्णी झाडं

फिनलंडची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे. स्प्रूस, पाइन आणि बर्च ही तिथली मुख्य झाडं. हजारो तलाव, आणि एका तलावातून दुसऱ्यात खळाळत उतरणाऱ्या नद्या. टाम्पेरे शहरातून वाहणारा टामरकोस्की हा प्रवाह दोन तलावांच्या मधल्या छोट्याशा अंतरात सुमारे १८ मीटर खाली येतो. एवढा उतार म्हणजे फुकटची ताकद. १८४२ मध्ये याच काठावर फ्रेंकेल यांच्या कारखान्यात देशातलं पहिलं कागदयंत्र सुरू झालं.

तेव्हा कागद चिंध्यांपासून होत असे आणि चिंध्या कधीच पुरेशा मिळत नसत. मग युरोपात नवी युक्ती निघाली. ओंडका फिरत्या दगडी जात्यावर दाबून धरायचा, पाणी सोडत राहायचं, आणि लाकडाचा तंतुमय लगदा करायचा. फ्रेडरिक इडेस्टाम या खाण अभियंत्यानं ती उचलली आणि १८६५ मध्ये टामरकोस्कीच्या काठी लगद्याची गिरणी घातली. पुढे त्यानं जवळच्याच नोकिया गावी दुसरी गिरणी उभारली. आपल्या हातात ज्या नावाचे फोन खेळले, ती कंपनी मुळात ही लगद्याची गिरणी.

जात्यावर दळलेल्या लगद्यात लाकडातला लिग्निन नावाचा चिकट घटक तसाच राहतो. त्यामुळे हा कागद उन्हात लवकर पिवळा पडतो. पण तो स्वस्त असतो, आणि एका दिवसात शिळ्या होणाऱ्या वर्तमानपत्राला तेवढाच टिकाऊपणा पुरतो. त्या कागदाला आपण न्यूजप्रिंट म्हणतो.

२. कुंपणाच्या आतलं गिऱ्हाईक

१८०९ पासून १९१७ पर्यंत फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. भाग असूनही वेगळा: त्याची स्वतःची जकात होती आणि १८६० पासून स्वतःचं चलनही, मार्का. त्यामुळे फिनलंड आणि रशिया यांच्यातला व्यापार दोन देशांमधल्या व्यापारासारखाच मोजला जाई.

या काळात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. फिनलंडचं कापीव लाकूड जहाजानं पश्चिमेकडे, प्रामुख्यानं ब्रिटनला जायचं. त्याच लाकडापासून केलेला कागद मात्र बहुतांशी पूर्वेला, रशियाला जायचा. एकाच जंगलाच्या मालाला दोन दिशा का फुटल्या? याचं उत्तर आयातशुल्कात आहे. परदेशी माल देशात शिरताना सरकार जो कर घेतं, ते आयातशुल्क.

समजण्यापुरते काही आकडे धरू. जर्मन कारखान्याचा कागद १०० रूबलला तयार होतो आणि फिनलंडच्या नवख्या कारखान्याचा १२० रूबलला. रशिया जर्मन कागदावर ४० रूबल शुल्क लावतो, फिनिश कागदावर फक्त १०. सेंट पीटर्सबर्गच्या छापखानेवाल्याला जर्मन कागद १४० ला पडतो आणि फिनिश १३० ला. तो फिनिश घेणार. लंडनमध्ये कोणालाच शुल्क नाही. तिथे जर्मन कागद १०० ला आणि फिनिश १२० ला, तेव्हा फिनिश कागदाकडे कोण ढुंकून पाहणार?

खऱ्या इतिहासाचा ढाचा असाच होता. ब्रिटननं तोवर खुल्या व्यापाराचं धोरण धरलं होतं, आणि १८६१ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी कागदावरचा अंतर्गत करही काढून टाकल्यानं तिथली वर्तमानपत्रं स्वस्त झाली होती. लंडनची बाजारपेठ प्रचंड होती, पण स्पर्धाही तशीच. रशियात उंच भिंत होती आणि फिनलंड भिंतीच्या आत होता. १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्गपर्यंत रेल्वे पोहोचली आणि साम्राज्याची राजधानी फिनिश गिरण्यांच्या दाराशी आली. बाल्टिक समुद्र हिवाळ्यात गोठे, तेव्हा जहाजं अडकत, रेल्वे मात्र चालू राही.

भिंतीचा परिणाम किती झटपट जाणवतो ते भारतीय वर्तमानपत्रांनीही अनुभवलं आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात न्यूजप्रिंटवर १० टक्के आयातशुल्क लागलं, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. फिनलंडलाही भिंतीचा दरवाजा आपल्या हातात नाही हे लवकरच कळलं. १८८५ मध्ये रशियानं जुन्या सवलती आवळल्या. गिरण्या तरल्या, वाढल्याही. पण सवलत ही दुसऱ्याच्या मर्जीवर असते, याची जाणीव तेव्हापासूनची आहे.

३. हिस्सा वेगळा, अवलंबून असणं वेगळं

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मनीच्या आरमारामुळे बाल्टिकचा रस्ता बंद झाला. पश्चिमेचा व्यापार थांबला. रशियाची मागणी मात्र वाढली. कागद गिरण्यांना काम भरपूर होतं, पैसे रूबलमध्ये मिळत होते, आणि गिऱ्हाईक आता जवळजवळ एकच उरलं होतं. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. ६ डिसेंबरला फिनलंडनं स्वातंत्र्य जाहीर केलं. रूबलची किंमत मातीमोल झाली, येणी बुडाली, आणि जिथे कागद जात होता ती बाजारपेठ दिसेनाशी झाली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्तर-ऐंशी टक्के माल घेणारं गिऱ्हाईक गेलं, तर नुकसान सत्तर-ऐंशी टक्के होतं का?

गावातलं दोन म्हशींचं घर डोळ्यांपुढे आणा. सकाळचं दूध शेजारच्या गुरुजींच्या घरी रतीबानं जातं, संध्याकाळचं डेअरीवर. रतीबाला भाव चांगला, फॅट कोणी मोजत नाही, महिन्याच्या सुरुवातीला पैसे हातात. डेअरीवर फॅट लावलं जातं आणि भाव कमी बसतो. गुरुजींची बदली झाली तर सकाळचं दूध ओतून द्यावं लागत नाही, तेही डेअरीवर जातं. घराचं नुकसान म्हणजे रतीबाचा सगळा पैसा नव्हे. रतीबाचा भाव आणि डेअरीचा भाव यांतला फरक, एवढंच.

हाच हिशेब कागदाला लावू. एका देशाकडे १००० टन कागद आहे. ७०० टन पहिल्या गिऱ्हाइकाला १२ च्या भावानं आणि ३०० टन दुसऱ्याला १० च्या भावानं जातो. मिळकत ८४०० अधिक ३०००, म्हणजे ११,४००. पहिलं गिऱ्हाईक गेलं. सगळे १००० टन दुसऱ्याच्या दारात नेले. एवढा माल एकदम आल्यावर तिथला भाव १० वरून ८ वर आला. मिळकत ८०००.

नुकसान ३४०० झालं. गेलेल्या गिऱ्हाइकाकडून ८४०० मिळत होते, त्या मानानं ते बरंच कमी आहे. पण एक बारकावा पाहा. ७०० टनांवर टनामागे ४ म्हणजे २८०० गेले, आणि जे ३०० टन आधीपासूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जात होते त्यांवरही टनामागे २ म्हणजे ६०० गेले. एक गिऱ्हाईक तुटलं की दुसऱ्याशी चाललेला व्यवहारही स्वस्त होतो. टक्केवारीचा तक्ता हे कधीच दाखवत नाही.

म्हणून मी दोन गिऱ्हाइकांची तुलना करताना दोन प्रश्न वेगळे ठेवतो. आज कोण किती घेतं, हा पहिला. ते गेलं तर तोच माल दुसरीकडे कुठल्या भावाला आणि किती दिवसांत खपेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारी तक्त्यात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मिळवायला माल, यंत्रं, बंदरं आणि माणसं माहीत असावी लागतात.

४. लंडनला कागद विकणं

१९१८ मध्ये फिनिश गिरणीमालकांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. एकेकट्यानं लंडनच्या बाजारात उतरलो तर आपणच आपले भाव पाडू, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी कागद गिरण्यांचा एक संघ काढला. परदेशात विक्री संघ करायचा, ऑर्डर संघ घ्यायचा आणि ती गिरण्यांमध्ये वाटून द्यायचा. पुढे ‘फिनपाप’ या नावानं ओळखला गेलेला हा संघ सात दशकांहून जास्त काळ टिकला. वरच्या हिशेबात भाव १० वरून ८ वर आला. तो ९ वर थोपवणं हे अशा संघाचं काम. १००० टनांवर एकेका अंकाचा फरक म्हणजे १००० ची मिळकत.

ब्रिटन हे कठीण गिऱ्हाईक होतं. लंडनच्या वर्तमानपत्रांना कॅनडा आणि न्यूफाउंडलंडहूनही कागद येत होता. ‘डेली मेल’च्या मालकांनी तर न्यूफाउंडलंडमध्ये ग्रँड फॉल्स इथे स्वतःचाच कारखाना उभा केला होता, तो १९०९ पासून चालू होता. अशा बाजारात ओळखीवर माल खपत नाही. रोटरी छपाईयंत्रावर रीळ वेगानं फिरत असताना मध्येच कागद फाटला तर यंत्र थांबतं, अंक उशिरा निघतो आणि पहाटेची गाडी चुकते. रीळ सारखं गुंडाळलेलं हवं, रुंदी अचूक हवी, ओलावा योग्य हवा, आणि जहाज वेळेवर यायला हवं. फिनलंडनं १८९० मध्येच ‘मुर्ताया’ ही पहिली बर्फफोडी बोट आणली होती. हिवाळ्यातही बंदर चालू ठेवण्याची ही धडपड पश्चिमेच्या गिऱ्हाइकासाठी होती.

दोन महायुद्धांमधल्या काळात ब्रिटन फिनलंडचा सर्वांत मोठा खरेदीदार झाला. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटननं पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, आणि तीनच आठवड्यांत फिनलंडनंही मार्काचं तोडलं. मुख्य गिऱ्हाईक ज्या नाण्यात पैसे देतं, ते नाणं हललं की विकणाऱ्याला स्वस्थ बसता येत नाही.

हे नीट समजायला १९६७ चं उदाहरण घेऊ, कारण त्यातले विनिमय दर खरे आहेत. लंडनमध्ये कागदाचा भाव टनाला ५० पौंड आहे असं सोयीसाठी धरू. त्या वर्षी सप्टेंबरात एका डॉलरला ३.२० मार्का आणि एका पौंडाला २.८० डॉलर मिळत. म्हणजे एक पौंड ८.९६ मार्काचा. गिरणीच्या हातात टनामागे ४४८ मार्का.

ऑक्टोबरात फिनलंडनं मार्काचं अवमूल्यन केलं, म्हणजे आपल्या नाण्याची परदेशी किंमत मुद्दाम उतरवली. डॉलर ४.२० मार्काचा झाला, पौंड ११.७६ मार्काचा. त्याच ५० पौंडांचे आता ५८८ मार्का. गिरणीला वाटलं, सोन्याचे दिवस आले.

१८ नोव्हेंबरला ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं. पौंड २.८० वरून २.४० डॉलरवर आला. नव्या दरानं पौंड १०.०८ मार्काचा आणि टनामागची मिळकत ५०४ मार्का. दीड महिन्याच्या आत ४४८, ५८८ आणि ५०४. आणि समजा फिनलंडनं ऑक्टोबरात काहीच केलं नसतं तर? पौंड ७.६८ मार्कावर आला असता आणि टनामागे ३८४ मार्काच हाती आले असते.

अवमूल्यनाचा फायदा कायमचा नसतो. आयात केलेला कोळसा, तेल, यंत्रं महागतात, मजूर वाढीव पगार मागतात आणि काही वर्षांत गिरणीचा खर्च वाढून फायदा गिळला जातो. फिनलंडनं विसाव्या शतकात हे औषध पुन्हा पुन्हा घेतलं. ते कागद गिरण्यांना मानवलं, सामान्य घरांना महाग पडलं.

५. टन मोजायचे की पैसे?

दोन गिऱ्हाइकांची तुलना वजनानं केली तर एक उत्तर येतं, पैशानं केली तर दुसरं. इथे वाचक हमखास गोंधळतो, म्हणून एक छोटं गणित करू.

‘अ’ देश १०० टन कागद घेतो आणि ५०,००० मार्का देतो. ‘ब’ देश ६० टन घेतो आणि ४८,००० मार्का देतो. वजनात ‘अ’ कितीतरी पुढे, पैशात दोघं जवळजवळ बरोबरीत. सरासरी भाव काढला तर ‘अ’ टनाला ५०० देतो आणि ‘ब’ ८००. ‘अ’ भाव पाडून घेतो आणि ‘ब’ उदार आहे, असा निष्कर्ष काढायचा का?

थांबा. आता आत काय आहे ते पाहू. न्यूजप्रिंटचा भाव टनाला ४५० आणि मासिकांच्या गुळगुळीत कागदाचा ९५०, दोघांनाही तोच. ‘अ’नं ९० टन न्यूजप्रिंट आणि १० टन मासिकांचा कागद घेतला: ४०,५०० अधिक ९,५००, बरोबर ५०,०००. ‘ब’नं १८ टन न्यूजप्रिंट आणि ४२ टन मासिकांचा कागद घेतला: ८,१०० अधिक ३९,९००, बरोबर ४८,०००. भाव एकच असून सरासरीत एवढं अंतर पडलं, कारण टोपलीतला माल वेगळा होता.

फिनलंडच्या पश्चिमेकडच्या निर्यातीत नेमका हाच बदल झाला. सुरुवातीला न्यूजप्रिंटचा जोर होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत गिरण्यांनी मातीचा लेप दिलेल्या, रंगीत छपाईच्या मासिकी कागदावर भर दिला. न्यूजप्रिंट अनेक देश करत होते, लेपाचा चांगला कागद करणारे थोडे होते. सरासरी भाव वाढत गेला तो टोपली बदलल्यामुळे.

६. तेलाच्या बदल्यात माल

दुसऱ्या महायुद्धानं दोन्ही संबंध पुन्हा उसवले. १९४० मध्ये जर्मनीनं डेन्मार्क आणि नॉर्वे व्यापल्यावर पश्चिमेचा समुद्रमार्ग तुटला, आणि ६ डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटननं फिनलंडशी युद्ध पुकारलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक शत्रू झालं. युद्धाअखेर फिनलंडला कारेलियाचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाला द्यावा लागला. त्यात वीपुरी हे शहर आणि एन्सो इथली मोठी लगदा गिरणीही गेली. शिवाय ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई ठरली, तीही मालाच्या रूपात. रक्कम पुढे काहीशी कमी झाली आणि फिनलंडनं ती १९५२ मध्ये फेडून टाकली.

या भरपाईत सुमारे एक तृतीयांश माल लाकूड, लगदा, कागद असा होता. बाकी जहाजं, यंत्रं, तारा. जे उद्योग फिनलंडमध्ये लहान होते ते भरपाईसाठी मोठे करावे लागले आणि भरपाई संपल्यावर त्यांचा माल सोव्हिएत संघच विकत घेऊ लागला. कागदाला मात्र पश्चिमेत रोख गिऱ्हाईक होतं. पौंड आणि डॉलर मिळवून देणारी वस्तू म्हणून तो पुन्हा प्रामुख्यानं पश्चिमेला निघाला. १९१७ पूर्वीचं चित्र उलटं झालं: आता भिंतीच्या आतलं गिऱ्हाईक जहाजं आणि बूट घेत होतं, आणि कागद खुल्या बाजारात उभा होता.

सोव्हिएत संघाशी व्यवहार कसा चाले ते सांगायला हवं, कारण ‘निर्यात’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तरी आतली यंत्रणा साफ वेगळी होती. १९५० मध्ये पाच वर्षांचा व्यापार करार झाला आणि पुढे अशा करारांची मालिकाच चालली. रोख पैसे हलत नसत. दोन्ही देशांची मध्यवर्ती खाती होती. फिनलंडनं माल पाठवला की खात्यात जमा, सोव्हिएत तेल आलं की नावे. वर्षाअखेर दोन्ही बाजू साधारण जुळायला हव्यात. याला परस्पर हिशेबाचा व्यापार म्हणतात.

यातून एक गमतीदार परिणाम निघे. समजा फिनलंड १०० चं तेल घेतो आणि १०० चा माल देतो. तेलाचा भाव दुप्पट झाला. तेवढ्याच तेलाचे आता २०० झाले. खातं जुळवायचं तर मालही २०० चा पाठवावा लागणार. १९७३ आणि १९७९ मध्ये तेल भडकलं तेव्हा सारी दुनिया मंदीत गेली, पण फिनलंडच्या कारखान्यांना पूर्वेकडून जास्तीची कामं मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशाच्या एकूण निर्यातीचा सुमारे चौथा हिस्सा सोव्हिएत संघाला जात होता. १९८६ मध्ये तेल कोसळलं आणि तेच चक्र उलटं फिरलं.

म्हणजे या गिऱ्हाइकाची खरेदी त्याच्या गरजेवर किंवा फिनिश मालाच्या गुणावर ठरत नव्हती. ती बरीचशी तेलाच्या भावावर ठरत होती. ब्रिटनची कागदखरेदी तिथल्या वाचकांच्या आणि जाहिरातदारांच्या संख्येवर ठरत होती. दोन आकडे तक्त्यात शेजारी बसतात, पण त्यांना हलवणारे हात निराळे.

७. १९९१

परस्पर हिशेबाची पद्धत १९९० अखेर बंद झाली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघाकडे जाणारी फिनिश निर्यात एका वर्षात सुमारे दोन तृतीयांशानं घटली. फिनलंड भयंकर मंदीत गेला. मंदीची सगळी जबाबदारी पूर्वेच्या व्यापारावर टाकणं बरोबर नाही. बँकांनी वारेमाप वाटलेली कर्जं हेही मोठं कारण होतं. पण व्यापाराचा वाटा होताच, आणि तो कोणाला लागला ते लक्षात घ्या.

कपडे आणि बूट शिवणारे कारखाने, जे वर्षानुवर्षं एका सरकारी खरेदीदारासाठी ठरावीक माल करत होते, त्यांना दुसरीकडे गिऱ्हाईकच मिळालं नाही. कागद गिरण्यांनाही मंदी जाणवली, पण त्यांची यंत्रं, त्यांचे एजंट, त्यांच्या रिळांची रुंदी, सगळं आधीपासून लंडन आणि हॅम्बुर्गच्या मापाचं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मार्काचं अवमूल्यन झालं, त्याचाही हात मिळाला. १९१८ मध्ये ज्या उद्योगाला सर्वांत मोठा फटका बसला होता, तो १९९१ मध्ये देशाला सावरणाऱ्यांत होता. मधल्या सत्तर वर्षांत तो कठीण गिऱ्हाइकाला विकायला शिकला होता.

८. तक्ते फसवतात ते कुठे

फिनलंडच्या तक्त्यातली ‘ब्रिटनला निर्यात’ आणि ब्रिटनच्या तक्त्यातली ‘फिनलंडहून आयात’ हे आकडे सहसा जुळत नाहीत. कोणी लबाडी केलेली नसते. निर्यात करणारा देश आपल्या बंदरावरची किंमत लिहितो. आयात करणारा त्यात जहाजभाडं आणि विमा धरून लिहितो. ५०० चा टन ५० भाडं देऊन पोहोचला की एकीकडे ५०० आणि दुसरीकडे ५५० दिसतात. माल मधल्या एखाद्या बंदरातून गेला तर गिऱ्हाईक म्हणून चुकून त्याच देशाचं नाव लागण्याचीही शक्यता असते. म्हणून तुलना करायची ती दोन्ही गिऱ्हाइकांसाठी एकाच देशाच्या तक्त्यावरून.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. फिनलंडनं १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाशी मुक्त व्यापार करार केला, पण कागद हा नाजूक माल मानून त्यावरचं शुल्क पूर्ण हटवायला १९८४ उजाडलं. त्याच सुमारास फिनिश कंपन्यांनी वेगळा मार्गही धरला. १९८५ मध्ये वेल्समधल्या शॉटन इथे आणि १९८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या अर्विन इथे त्यांनी कागदाचे कारखाने उभे केले. मालकी फिनिश, कागद ब्रिटनमध्ये तयार झालेला, वाचक ब्रिटिश. असा कागद फिनलंडच्या निर्यातीत मोजला जात नाही. निर्यातीचा आकडा घटला म्हणजे बाजार हातचा गेला असं समजणारा वाचक इथे चुकेल. १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला आणि स्पर्धेच्या नियमांमुळे फिनपापसारख्या सामाईक विक्रीसंघाला जागा उरली नाही. काही वर्षांतच गिरण्या एकत्र येऊन यूपीएम आणि स्टोरा एन्सो अशा बलाढ्य कंपन्या झाल्या.

९. विकत घेणारा विकतोही

आतापर्यंत आपण रशियाकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलं. पण फिनिश गिरण्या रशियाकडून लाकूड घेत, विशेषतः बर्च. २००७ पासून रशियानं गोल ओंडक्यांवरचं निर्यातशुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं, कारण ओंडके परदेशी पाठवण्याऐवजी देशातच त्यांचा माल व्हावा अशी त्याची इच्छा होती. स्टोरा एन्सोनं केमियार्वीची लगदा गिरणी आणि सुम्माची कागद गिरणी २००८ मध्ये बंद केली, त्यामागच्या कारणांत हे महाग होत चाललेलं लाकूडही होतं. कागद विकत घेणं एका टनानंही कमी न करता शेजारी गिरणी बंद पाडू शकतो. तुलनेच्या तक्त्यात फक्त निर्यात असेल तर हे दिसायला जागाच नाही.

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर फिनिश कंपन्यांनी रशियाला कागद पाठवणं थांबवलं आणि रशियाहून येणारं लाकूडही थांबलं. कागदाचं गिऱ्हाईक गमावणं त्यांना फारसं जड गेलं नाही, लाकडाची तूट भरून काढणं गेलं. त्या वर्षी भारतातही वर्तमानपत्रांना न्यूजप्रिंटची टंचाई आणि भाववाढ सोसावी लागली, कारण आपल्याकडे बराच न्यूजप्रिंट रशियाहून येत असे.

आणि ब्रिटन? त्या गिऱ्हाइकाशी भांडण झालं नाही, शुल्काची भिंतही उभी राहिली नाही. वाचकच कागदावरून पडद्यावर गेले. यम्सा गावाजवळची यूपीएमची कैपोला गिरणी २०२० च्या अखेरीस बंद झाली, आणि तिच्याबरोबर फिनलंडमधलं न्यूजप्रिंटचं उत्पादन संपलं. लेपाचा कागद करणारी केमीची व्हेइत्सिलुओतो गिरणी पुढच्याच वर्षी थांबली. उरलेल्या कंपन्यांचा भर आता खोक्यांचा पुठ्ठा आणि लगदा यांवर जास्त आहे.